सीताराम बेलिफांची नोटीस

आमच्या ह्यांना वस्तीत कोणी सीतारामकाका म्हणत नाही, बेलीफच म्हणतात. रिटायर होऊन बारा-तेरा वर्षं झाली, तरी बेलीफ ते बेलीफच. ठाण्याच्या कोर्टात ते समन्स बजावायचे. कोर्टाचा कागद घेऊन माणसाच्या दारी जायचं, त्याच्या हातात द्यायचा आणि सही घ्यायची. कल्याण, डोंबिवली, मुरबाड, शहापूर, कुठे म्हणून जायचं राहिलं नाही. लोक चहा पुढे करायचे, काही जण पाकीट पुढे करायचे. हे पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. कोणी दार लावून आत बसला, तर शेजारचे दोन पंच उभे करायचे आणि दारालाच कागद डकवायचा. त्यासाठी पिशवीत खळीची डबी असायची. मैद्याची खळ मी करून द्यायची, सकाळी, चपातीभाजीच्या डब्यासोबत. नवऱ्याला डब्यात खळ देणारी अख्ख्या ठाण्यात मी एकटीच बाई असेन.

माणूस सरळ. इतका सरळ की कधी कधी डोकं धरून बसावंसं वाटतं. भाजीवाल्याने दोन रुपये जास्त परत दिले तर हे उन्हात परत जाणार. मी म्हणायची, अहो, तो मला रोज वजनात मारतो, त्याचं काय? ते म्हणायचे, ते त्याचं, हे आपलं.

आमची वस्ती वागळे इस्टेटच्या मागच्या चढावर. विहार पत्र्याचं. वंदनेला बसलं की उन्हाळ्यात डोकं तापतं, पावसाळ्यात शेजारचा काय बोलला ते कळत नाही. ते पाडून पक्कं बांधायचं आणि वरच्या मजल्यावर पोरांसाठी अभ्यासिका करायची, हे वस्तीचं जुनं स्वप्न. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही, चूल आणि पोराची बारावी एकत्र नांदत नाहीत, हे ज्याच्या घरात पोर आहे त्याला सांगावं लागत नाही. म्हणून वर्गणी सुरू झाली. धुणीभांडी करणाऱ्या बायकांनी दिली, रिक्षावाल्यांनी दिली, कंपनीत हेल्पर असलेल्यांनी बोनसमधून दिली. सगळी रोख. मंडळ तर रजिस्टर नव्हतं. मग पैसे ठेवायचे कुठे आणि कोणाच्या नावावर?

सगळ्यांनी एका तोंडाने ह्यांचं नाव घेतलं. एक तर इमानदार माणूस. दुसरं कारण त्याहून मोठं होतं. हे त्याच साली साठीचे झालेले, पेन्शन लहान. सीनियर सिटिझनला तीन लाखांपर्यंत टॅक्स नाही, आणि बँकेत वर्षाच्या सुरुवातीला एक फॉर्म भरून दिला की व्याजावर बँक काही कापत नाही. दुसऱ्या कोणाच्या नावावर ठेवली असती तर व्याजाला कात्री लागली असती. तेव्हा विहाराची ठेव ह्यांच्या नावावर गेली. एक एप्रिलला बँकेत फॉर्म आणि चौदा एप्रिलला जयंती, हा ह्यांचा दरवर्षीचा नेम होऊन बसला.

आता इथेच सगळी गोम आहे, म्हणून नीट सांगते. पेन्शनीवर महागाई भत्ता असतो. महागाई वाढली की तो वाढतो. वाढला की हे पेढे आणायचे, पाव किलो. सातवा आयोग आला, पेन्शन वाढली. थकलेले हप्ते आले, पुन्हा पेढे. तिकडे विहाराची ठेव वाढत वाढत वीस लाखांच्या वर गेली, व्याजही फुगलं. पण ती तीन लाखांची रेघ जिथे होती तिथेच. पुढे सरकारने म्हटलं की पाच लाखांच्या आत असाल तर झालेला टॅक्सही माफ. तीही रेघ मग तिथेच थिजली. आणि त्या रेघेचा स्वभाव असा, की पाच लाखांच्या वर एक रुपया गेला की सगळीच माफी गेली. पोराची उंची वाढत चालली आणि दाराची चौकट तीच, मग एक दिवस कपाळाला लागणारच ना? मला विचाराल तर महागाई वाढली म्हणून पेन्शन वाढते, म्हणजे आम्ही काही श्रीमंत होत नाही. डाळ तीच येते. पण टॅक्सच्या हिशेबात आम्ही चढत जातो.

पेन्शन देणाऱ्या ऑफिसला विहाराची ठेव माहीत नव्हती. बँकेला पेन्शन माहीत नव्हती. दोन्ही माहीत असलेला माणूस एकच, आणि तो एप्रिल आला की जुन्या सवयीने फॉर्म भरून मोकळा होत होता. फॉर्म भरला म्हणजे टॅक्सचं काम झालं, असंच ह्यांना वाटायचं. रिटर्न वगैरे कधी भरलंच नाही.

बँकेत ईमेल द्यायचा म्हणून आमच्या सुमेधाचा दिलेला. सुमेधा आमची मुलगी, डोंबिवलीला असते. एक दिवस ती फोनवर म्हणाली की बाबांना इन्कम टॅक्सची नोटीस आलेय, तीन वर्षांपूर्वीच्या एका वर्षाची. माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. मी ह्यांना सांगितलं, तर हे शांतपणे पेपरची घडी घालत म्हणाले, "बजावणी कुठे झाली?"

म्हटलं, म्हणजे?

"माणूस आला का दारात? सही घेतली का? दारात कोणी न येता नोटीस बजावली, असं कसं होईल?"

घ्या. उभ्या हयातीत जे केलं तेच डोक्यात. नोटीस म्हणजे बेलीफ, बेलीफ म्हणजे दार, दार म्हणजे सही. सुमेधाने परोपरीने सांगितलं की बाबा, आता ईमेल आला म्हणजे बजावली. पण ह्यांना ते पटेना. वर टीव्हीवर ऐकलेलं की आता बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही. मग काय, राजा निवांत. पण ते बारा लाख ह्या वर्षाचे, नोटीस जुन्या वर्षाची. हे रोज खिडकीत बसून रस्त्याकडे बघायचे, कोणी कागद घेऊन येतो का. आणि नोटीस तिकडे सुमेधाच्या फोनमध्ये म्हातारी होत होती.

दुसरी आली, तिसरी आली. तिसरीत लिहिलेलं की मुदतीत उत्तर दिलं नाही तर आम्ही आमच्या परीने ठरवू आणि वसुली करू. सुमेधा रडायलाच लागली. म्हणाली, आई, वसुली म्हणजे खातं गोठवतात, आणि बाबांच्या खात्यात विहाराचे पैसे आहेत. हे ऐकलं आणि माझी पाचावर धारण बसली. कारण विहाराचं मंडळ आता कुठे रजिस्टर होऊन ट्रस्ट झालेलं, ट्रस्टचं खातं उघडलेलं, आणि पुढच्या महिन्यात स्लॅबचं काम सुरू व्हायचं होतं. ठेव मोडून पैसे ट्रस्टला द्यायचे, एवढंच बाकी. मधल्या मध्ये पैसे अडकले, तर वस्ती काय म्हणेल? बेलिफाने खाल्ले म्हणेल. दुसरं काय म्हणणार?

त्या दिवशी मी ह्यांचं काही ऐकलं नाही. शर्ट काढून दिला आणि म्हटलं, चला. खोपटला एसटी डेपोच्या मागे मैथिली म्हणून एक मुलगी टॅक्सची कामं करते, सुमेधाच्या ओळखीची. तिच्याकडे नेलं. तिने सगळं बघितलं. नंतरची वर्षं नव्या पद्धतीत सुटतील म्हणाली. हे एक वर्ष मात्र सापडलं. त्या साली थकलेला हप्ता आणि महागाई भत्ता एकत्र आलेले, त्यात विहाराचं व्याज. पाच लाखांची रेघ ओलांडली ती थोडक्यात, पण ओलांडली.

मग तिने दोन वाटा सांगितल्या. एक, लिहून द्यायचं की ठेव माझी नाही, वस्तीची आहे. मग ते विचारणार की मंडळ तेव्हा रजिस्टर होतं का, पैसे कोणी दिले, रोख का दिले. नावं द्यावी लागतील. एकेकाला विचारतीलही. दुसरी वाट सोपी. ठेव तुमच्या नावावर आहे, व्याज माझंच म्हणून मान्य करायचं, टॅक्स आणि त्यावरचं व्याज भरून मोकळं व्हायचं. कोणती वाट धरायची ते काका, तुम्ही ठरवा, म्हणाली.

हे दोन दिवस जेवले नाहीत धड. मला म्हणाले, रंभा, सरकारी कागदावर मी आजवर खोटी ओळ लिहिली नाही. दार बंद होतं म्हणून लिहिलं तर दार बंदच होतं. मी म्हटलं, मग पहिली वाट धरा. ते म्हणाले, मग सरोजला बोलावतील. सरोज आमच्या समोरची, चार घरची भांडी घासते. ती काय सांगणार, पाचशे रुपये कुठून आणले? घाबरूनच मरेल ती. रिक्षावाल्यांच्या मागे लागतील. आणि उत्तर-प्रत्युत्तर संपेपर्यंत पैसे अडकतील, अभ्यासिका राहील.

तिसऱ्या दिवशी त्यांनी दुसऱ्या वाटेवर सही केली. ठेव माझी, व्याज माझं. सही करताना हात थांबला, मी बघितलं. टॅक्सही आमच्याच पैशातून भरला. बोधगया-लुंबिनीला जायचं म्हणून मी पै-पै बाजूला काढलेली, वस्तीतल्या बायकांची टोळी ठरलेली, ते पैसे गेले. मी भांडले. अहो, व्याज विहाराला मिळालं तर टॅक्सही विहारानेच द्यायला हवा, साधी गोष्ट आहे. ते म्हणाले, विचारल्याशिवाय त्या पैशाला हात लावायचा नाही, आणि विचारायचं तर नोटिशीचं सांगावं लागेल, लोक घाबरतील. झाकली मूठ झाकलेलीच बरी, असं त्यांचं म्हणणं.

पण मूठ झाकलेली राहते कुठे? खोपटला आम्हाला सरोजनेच पाहिलेलं. ज्या बाईला वाचवायला हा माणूस खोटं लिहून आला, तिनेच विचारलं, काय गं, टॅक्सवालीकडे काय करत होतात? मी काहीबाही सांगितलं. संध्याकाळपर्यंत वस्तीत झालं, बेलिफाला नोटीस. दुसऱ्या दिवशी झालं, बेलिफाकडे लाखो निघाले. कोणी तोंडावर बोलत नव्हतं, पण नळावर मी गेले की बोलणं थांबायचं. सरोज मला समजावत होती की कर नाही त्याला डर कशाला. तिचं तोंड दाबावंसं वाटत होतं. इथे करच तर भरून आलो होतो.

रविवारी वंदना झाली आणि राजरत्न उठला. राजरत्न मंडळाचा सेक्रेटरी, तरुण पोरगा, इस्टेटमधल्या कंपनीत सुपरवायझर. शिकलेला, कडक. ट्रस्ट रजिस्टर झाला तो ह्याच्याच मागे लागण्याने. लहानपणी आमच्या खिडकीतल्या उजेडात अभ्यास करायचा, तेवढं मी त्याला सांगू शकत होते, पण ती वेळ नव्हती. त्याने सगळ्यांसमोर ह्यांना विचारलं, काका, नोटीस आलेय हे खरं का? हे हो म्हणाले. टॅक्स भरला हे खरं का? हो. कोणाचे पैसे म्हणून भरला? हे उठून उभे राहिले. म्हणाले, माझे म्हणून.

राजरत्न म्हणाला, "काका, सरकारकडे तुम्ही पैसे माझे म्हणून लिहून दिलंत. मग आमच्याकडे काय आहे?"

खरं सांगते, मला तेव्हा त्याचा राग आला तसा आयुष्यात कोणाचा आला नसेल. मी उठलेच. तोंडाला येईल ते बोलले, ह्याच्यासाठी माझी गया गेली म्हणाले, चोर सोडून संन्याशाला फाशी देताय म्हणाले. ह्यांनी माझा हात धरून खाली बसवलं. राजरत्नाचं चुकलं नाही म्हणाले. उद्या मी नसलो, तर कागद माझ्या वारसांच्या बाजूने बोलेल. त्याने विचारायलाच हवं होतं. उद्या सकाळपर्यंत थांबा, म्हणाले, आणि चपला घालून निघाले.

सकाळी मी उठले तर हे गॅसपाशी. पातेल्यात मैदा शिजत होता. इतक्या वर्षांनी खळ. त्यांच्या खळीत गुठळ्या झालेल्या, मी हातातून चमचा घेतला. टेबलावर एक कागद होता, ह्यांच्या त्या कोर्टातल्या तिरप्या अक्षरात. मी वाचला. लिहिलेलं: "वस्तीतल्या सर्वांस कळवण्यात येते, की विहाराची ठेव माझी स्वतःची आहे असे मी इन्कम टॅक्सला लिहून दिले आहे. ते खरे नाही. ठेव पहिल्यापासून वस्तीची आहे. ती मी आज ट्रस्टच्या खात्यात देत आहे. मी किंवा माझे वारस उद्या फिरलो, तर हा कागद पुढे करावा." खाली सही, आणि दोन पंचांसाठी जागा.

अहो, म्हटलं, हा कागद कोणी फोटो काढून वर पाठवला तर? सरकारला खोटं लिहून दिलं हे तुम्ही तुमच्याच हाताने लिहिताय. ते म्हणाले, म्हणूनच तर लिहितोय. इतकी वर्षं त्यांची ठेव माझ्या नावावर होती. त्यांच्याकडेही माझं काहीतरी असायला नको?

"पंच म्हणून सही कर," म्हणाले.

मी सातवीपर्यंत शिकलेली. अक्षर वाकडं येतं. पण केली सही. मग आम्ही दोघं चढ चढून गेलो आणि त्यांनी विहाराच्या दाराला तो कागद डकवला, चारी कोपरे तळव्याने दाबून, कोर्टाचा असावा तसा. दुसऱ्या पंचाची जागा रिकामी राहिली. आजूबाजूला माणसं होती, पण त्यांनी कोणाला हाक मारली नाही. तिथून ते थेट बँकेत गेले.

तो दिवस कसा गेला ते माझं मला माहीत. आमच्या दारातून वरचं विहाराचं दार दिसतं; तिथे उभी राहून बघायची, आत यायची. लोक येत होते, वाचत होते, मोठ्याने वाचून दाखवत होते. सरोजला वाचता येत नाही, तिने कोणाकडून तरी वाचून घेतलं आणि पदर तोंडाला लावून तशीच घरी गेली. माझं सगळं लक्ष फोनवाल्यांकडे. कोणी खिशातून मोबाईल काढला की मी पुन्हा उंबऱ्यात. हे बँकेतून आले, पैसे ट्रस्टच्या खात्यात गेल्याचं म्हणाले, आणि खिडकीत बसून राहिले. एका शब्दाने म्हणाले नाहीत की जाऊन बघ.

चहाची वेळ झाली तेव्हा मी पुन्हा बघितलं. दार रिकामं होतं. कागद नव्हता.

बसलेच मी उंबऱ्यात. म्हटलं, गेला. आता कोणाच्या खिशात आहे आणि उद्या कुठे निघतो, कोण जाणे. ह्यांना सांगितलं तर ह्यांचा चेहरा उतरला. म्हणजे भीती ह्यांनाही होती. दिवसभर लपवून बसलेला माणूस.

तेवढ्यात राजरत्न आला. कंपनीचा शर्ट तसाच अंगात. हातात तो कागद, ओल्या फडक्याने हळूहळू सोडवलेला, एकही कोपरा फाटला नव्हता. तो खाली बसला नाही, दारातच उभा राहिला, बेलीफ उभा राहतो तसा. कागद ह्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, "काका, वस्तीला नोटीस मिळाली. मी घेतली."

दुसऱ्या पंचाच्या जागी त्याची सही होती.

मी कधी ह्यांना रडताना पाहिलं नाही, तेव्हाही रडले नाहीत. चष्मा लावला, कागद खिडकीशी धरला, वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाले, "तारीख राहिली."

राजरत्नाने खिशातलं पेन काढलं आणि आमच्या टेबलावर वाकून तारीख टाकली. नाक ओढत मला म्हणाला, काकू, टॅक्सचे पैसे मंडळ परत देणार आहे, सगळ्यांनी ठरवलंय. हे नको म्हणाले. मी हो म्हणाले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मीही बघितलं, आणि ते तिथेच ठरलं.

राहिला तो कागद. सह्या झालेला, तारीख पडलेला, नीट बजावलेला. असा कागद ह्यांनी उभ्या आयुष्यात कधी चुरगाळला नव्हता, फाडणं तर दूरच. मी तो त्यांच्या हातातून घेतला, गॅस पेटवला आणि कागदाचा कोपरा आचेवर धरला. खळ लागलेली म्हणून हळूहळू जळला. जळेपर्यंत हे बघत बसले, पण त्यांनी मला थांबवलं नाही.